निसटलेल्या जोडण्यांचा शोध (लिनक्स कर्नल)

निसटलेल्या जोडण्यांचा शोध म्हणजे लिनक्स कर्नलमधून जाळ्याचे एखादे मॉड्यूल उतरवताना, मुक्त व्हायला हवी होती पण झाली नाही अशी जोडणी हुडकून काढण्याची तपासणी होय. एएफ_आरएक्सआरपीसी या मॉड्यूलमध्ये तिचे ठळक उदाहरण आढळते. डेव्हिड हॉवेल्स यांनी लिहिलेले हे मॉड्यूल २००७ साली लिनक्स २.६.२२ मध्ये समाविष्ट झाले. एएफएस या वितरित फाइलप्रणालीचा कर्नलमधील ग्राहक त्याचा वापर करतो.

प्रत्येक जोडणीसोबत एक संदर्भगणक असतो. जोडणी हाती घेणारा भाग तो एकाने वाढवतो आणि काम संपताच एकाने घटवतो. चुकीच्या वेळी परतणाऱ्या एखाद्या वाटेवर ही घट राहून गेली, की गणक शून्यावर येत नाही आणि जोडणीची स्मृती अडकून पडते. या दोषाला रूढ असलेला ‘गळती’ हा शब्द काहीसा फसवाच आहे. येथे बाहेर काहीच वाहून जात नाही. खरा धोका मॉड्यूल उतरल्यानंतरचा असतो. शिल्लक जोडणीचा टाइमर पुढे केव्हातरी वाजला, तर तो अस्तित्वात नसलेल्या आज्ञावलीत उडी घेतो आणि कर्नल कोसळतो.

निष्क्रिय जोडणी आणि निसटलेली जोडणी यांतील भेद ओळखणे हा या तपासणीचा गाभा आहे. पुन्हा उपयोगी पडेल म्हणून निष्क्रिय जोडणी काही काळ यादीत राखून ठेवली जाते. तो दोष नव्हे. म्हणून उतरवताना प्रथम मुदतीची अट रद्द करून सफाईचे काम चालवले जाते आणि ते पूर्ण होईपर्यंत थांबले जाते. त्यानंतरही सेवा-जोडण्यांच्या यादीत जे उरते, ते निसटलेले. अशा प्रत्येक जोडणीचा पत्ता व गणकाचे मूल्य कर्नलच्या नोंदवहीत छापले जाते आणि ‘बग_ऑन’ ही आज्ञा प्रक्रिया तेथेच थांबवते. हा उपाय कठोर आहे. पुष्कळदा यंत्र पुन्हा सुरू करावे लागते.

केमेमलीक हे सर्वसाधारण साधन येथे फारसे उपयोगी पडत नाही. ज्या स्मृतीकडे कोणीच निर्देश करत नाही ती ते शोधते. निसटलेली जोडणी मात्र यादीत गुंफलेलीच असते. शिवाय ४.१५ आवृत्तीपासून नोंदीतील पत्ते सांकेतिक रूपात छापले जातात, त्यामुळे छापील पत्त्यावरून स्मृतीतील मूळ जागा थेट सापडत नाही. दोषाचे नेमके स्थान शोधण्यासाठी मॉड्यूलमधील ट्रेसपॉइंट सुरू करून गणकाची प्रत्येक वाढ व घट जुळवून पाहावी लागते.