वक्षशस्त्रक्रिया, लिंगभावानुरूप

छातीची ठेवण व्यक्तीच्या लिंगभावाशी जुळावी म्हणून केली जाणारी शस्त्रक्रिया. बोलण्यात तिला सर्रास ‘टॉप सर्जरी’ म्हणतात. पारलिंगी पुरुष आणि स्त्री-पुरुष या चौकटीत न बसणाऱ्या काही व्यक्ती स्तनग्रंथी काढून छाती सपाट करून घेतात. पारलिंगी स्त्रिया इम्प्लांट बसवून किंवा स्वतःच्याच शरीरातील चरबी वापरून स्तनांना आकार आणतात. पहिल्या प्रकाराविषयी वैद्यकीय लेखन पुष्कळ झाले आहे, दुसऱ्याविषयी त्या मानाने कमी. प्रस्तुत नोंदीचा भरही पहिल्यावरच आहे.

कर्करोगासाठी स्तन काढणे आणि ही शस्त्रक्रिया यांची नेहमी गल्लत होते. कर्करोगात गाठ समूळ जाणे महत्त्वाचे असते, मागे उरणारा आकार नंतर पाहिला जातो. येथे आकार हाच हेतू. सगळीच चरबी खरवडून काढली तर छाती खोलगट दिसते, म्हणून त्वचेखाली तिचा पातळ थर राखावा लागतो. स्तनाखालची घडी मोडून टाकावी लागते. स्तनाग्र लहान करून बाहेरच्या व खालच्या बाजूला न्यावे लागते. या शेवटच्या कामात अर्धापाऊण सेंटिमीटरची चूक झाली, तरी कपडे उतरवल्यावर ती आयुष्यभर दिसत राहते. म्हणून ग्रंथी काढण्यापेक्षा स्तनाग्र योग्य जागी बसवणे हेच या शस्त्रक्रियेतले खरे कौशल्य मानले पाहिजे.

इतिहास : पुरुषांची वाढलेली छाती कमी करण्याची शस्त्रक्रिया सातव्या शतकातील ग्रीक वैद्य पॉल ऑफ ईजायना याने वर्णिली आहे. स्तनाग्र पूर्ण सुटे करून नव्या जागी त्वचारोपणाप्रमाणे बसवण्याची रीत शिकागोचे शल्यचिकित्सक मॅक्स थोरेक यांनी १९२२ मध्ये मांडली. स्तनमंडलाच्या (स्तनाग्राभोवतीच्या गडद वर्तुळाच्या) कडेने अर्धवर्तुळाकार छेद घेण्याची पद्धत १९४६ मध्ये जेरोम वेबस्टर यांच्या लेखनामुळे रूढ झाली. या तिन्ही गोष्टी इतर रुग्णांसाठी शोधल्या गेल्या. पारलिंगी व्यक्तींसाठी त्यांचा उपयोग नंतर झाला. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत पारलिंगी व्यक्तींवर अशा काही शस्त्रक्रिया झाल्याचे उल्लेख सापडतात; मात्र लैंगिकतेचे अभ्यासक माग्नुस हिर्शफेल्ड यांच्या बर्लिनमधील संस्थेचे ग्रंथालय मे १९३३ मध्ये नाझींनी जाळले आणि त्या काळाचा मोठा दस्तऐवज नष्ट झाला.

तपशिलाने नोंदलेले सुरुवातीचे ठळक उदाहरण मायकेल डिलन यांचे. १ मे १९१५ रोजी ब्रिटनमधील एका सरदारी घराण्यात त्यांचा जन्म मुलगी म्हणून झाला. ऑक्सफर्डला शिकून बाहेर पडल्यावर १९३९ च्या सुमारास त्यांनी टेस्टोस्टेरॉन घेण्यास सुरुवात केली. महायुद्धाच्या काळात ते ब्रिस्टल येथे एका गॅरेजमध्ये नोकरी करत होते. तेथील रॉयल इन्फर्मरीत उपचार घेताना एका प्लास्टिक सर्जनची गाठ पडली आणि १९४२ मध्ये त्यांचे दोन्ही स्तन काढण्यात आले. त्याच सर्जनने त्यांना हॅरल्ड गिलीज यांच्याकडे पाठवले; युद्धात चेहरा जायबंदी झालेल्या सैनिकांना नवे रूप देणारे हेच ते गिलीज. त्यांनी पुढे डिलन यांच्यावर अनेक शस्त्रक्रिया केल्या. १९४४ मध्ये जन्मदाखल्यात दुरुस्ती झाली. १९४६ मध्ये डिलन यांचे ‘सेल्फ’ हे पुस्तक आले. ज्याचे मन बदलता येत नाही, त्याचे शरीर मनाला जुळवून द्यावे, अशी त्यातली मांडणी आहे. स्वतःचा अनुभव मात्र त्यांनी त्यात कोठेही उघड केला नाही. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातून ते डॉक्टर झाले आणि जहाजावर वैद्यकीय अधिकारी म्हणून काम करू लागले.

१९५८ मध्ये सरदार घराण्यांच्या दोन वंशनोंदपुस्तकांत त्यांची नोंद वेगवेगळी असल्याचे वृत्तपत्रांच्या लक्षात आले आणि गुपित फुटले. डिलन भारतात निघून आले. कालिंपोंग व सारनाथ येथे त्यांनी बौद्ध धर्माचा अभ्यास केला, लोबझांग जीवक हे नाव घेतले आणि लडाखमधील रिझोंग मठात श्रामणेर (नवदीक्षित) म्हणून वास्तव्य केले. १५ मे १९६२ रोजी डलहौसी येथे, वयाच्या ४७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. या शस्त्रक्रियेच्या इतिहासातील एका आरंभीच्या माणसाची अखेर भारतात झाली, हे आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नाही.

पद्धती : छाती सपाट करण्याची पद्धत केवळ स्तनाच्या आकारमानावरून ठरत नाही. त्वचा किती आहे आणि ती किती आकसू शकते, हे पाहिले जाते. बेल्जियममधील गेंट येथील स्टान मॉन्स्ट्री व त्यांच्या सहकाऱ्यांनी ९२ रुग्णांच्या अनुभवावरून २००८ मध्ये या निवडीची पायरीवार मांडणी प्रसिद्ध केली, आणि अनेक शल्यचिकित्सक आजही तिचा आधार घेतात.

लहान स्तन आणि घट्ट त्वचा असेल तर स्तनमंडलाच्या खालच्या कडेने छोटा अर्धवर्तुळाकार छेद पुरतो. त्यातून ग्रंथी काढतात, बाजूची चरबी लायपोसक्शनने ओढतात आणि उरलेली त्वचा आपसूक आकसेल यावर भिस्त ठेवतात. व्रण जवळजवळ दिसत नाही. अडचण अशी की, ही पद्धत फार थोड्यांना लागू पडते. त्वचा थोडी अधिक असल्यास स्तनमंडलाभोवती दोन समकेंद्री वर्तुळे आखून मधली कडी काढतात आणि बटव्याची नाडी ओढावी तसा टाका घालून बाहेरचे वर्तुळ आवळतात. सुरुवातीला कडेने चुण्या पडतात. बहुतेक कालांतराने जिरतात, काही राहतात. व्रण कमी म्हणून हीच पद्धत हवी, असा अनेकांचा आग्रह असतो. पण सैल त्वचेवर ती केली तर छाती सुरकुतलेली राहते आणि पुन्हा टेबलावर जाण्याची पाळी येते. गेंटच्या मालिकेतही साधारण एकतृतीयांश छात्यांवर नंतर काही ना काही दुरुस्ती करावी लागली होती.

मध्यम व मोठ्या स्तनांसाठी दुहेरी आडव्या छेदाची पद्धत सर्वाधिक वापरली जाते. शस्त्रक्रियेपूर्वी, भूल देण्याआधी, रुग्णाला उभे करून छातीवर पेनने खुणा करतात. हात कमरेवर दाबायला सांगितले की छातीचा मोठा स्नायू ताणला जातो आणि त्याची खालची कड बोटांना लागते. छेदाची रेघ त्या कडेला धरून आखली जाते, म्हणजे पुढे व्रण स्नायूच्या सावलीत पडतो. रुग्ण आडवा झाला की सगळ्या खुणा सरकतात, म्हणून उभ्याने केलेल्या आखणीला पर्याय नाही. स्तनाग्र मंडलासह कापून घेऊन दोन ते अडीच सेंटिमीटर व्यासाचे ठेवतात, पाठीमागची चरबी कात्रीने काढून पातळ करतात आणि ओल्या गॉजमध्ये गुंडाळून बाजूला ठेवतात. छाती शिवून झाल्यावर नव्या जागी तेवढ्याच मापाची वरची त्वचा सोलून ते तेथे शिवतात आणि वर गॉजची घट्ट उशी बांधतात. ही उशी साधारण पाच ते सात दिवसांनी सुटते. तेव्हा दिसणारे काळे-जांभळे, खपली धरलेले स्तनाग्र पाहून अनेकांचा धीर सुटतो. ते बहुधा मेलेले नसते. वरचा थर गळतो आणि खालून नवी त्वचा येते. सावळ्या त्वचेत मात्र रंग सगळीकडे सारखा परतेलच असे नाही. पांढरे ठिपके राहू शकतात. स्पर्शसंवेदना बरीचशी जाते.

स्पर्शसंवेदना टिकवायची असेल तर उलट्या ‘टी’ आकाराचा छेद घेऊन स्तनाग्र खालच्या ऊतींना जोडलेलेच ठेवता येते. मोबदल्यात छातीला थोडा फुगवटा राहतो आणि एक उभा व्रण वाढतो. काही जण स्तनाग्रे ठेवतच नाहीत, काही नंतर गोंदवून घेतात. दोन्ही निवडी सारख्याच रास्त आहेत.

ग्रंथी काढलेल्या जागी साचणारे रक्त हा पहिल्या दिवसांतला सर्वांत नेहमीचा धोका, आणि तो लहान छेदाच्या पद्धतींत अधिक. ते काढण्यासाठी कधी त्याच रात्री पुन्हा भूल द्यावी लागते. म्हणून ड्रेनची नळी, घट्ट पट्टा आणि काही आठवडे हात खांद्याच्या वर न उचलण्याची सक्ती. तंबाखू व सिगारेट किमान चार आठवडे आधी बंद हवी, नाहीतर रोपण केलेले स्तनाग्र न धरण्याचा धोका वाढतो. भारतीय त्वचेत व्रण जाड होण्याची, केलॉइड होण्याची प्रवृत्ती तुलनेने जास्त, आणि छाती ही तर त्याची आवडती जागा. घरात कोणाच्या कानाच्या भोकाला किंवा लशीच्या खुणेला गाठ धरली असेल, तर ते सर्जनला आधीच सांगावे. सिलिकॉनच्या पट्ट्या आणि स्टेरॉइडची इंजेक्शने यांचा उपयोग होतो.

बांधणी : ज्यांची शस्त्रक्रिया झालेली नाही किंवा ज्यांना ती परवडत नाही, ते छाती बांधतात. क्रेप बँडेज गुंडाळणे सर्वांत घातक; ते श्वासागणिक आवळत जाते. बाइंडरही (छाती दाबून धरणारा घट्ट पोशाख) दिवसात आठ तासांहून अधिक आणि झोपेत वापरू नये असा सल्ला दिला जातो.

स्तनवर्धन : इस्ट्रोजेन घेणाऱ्या पारलिंगी स्त्रियांचे स्तन दोनतीन वर्षे वाढतात, पण वाढ बहुधा माफक असते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपीय पाहणीत २२९ स्त्रियांपैकी जवळजवळ निम्म्यांची वाढ वर्षभरानंतर सर्वांत लहान कपाइतकीही नव्हती. महाराष्ट्रातील तृतीयपंथी समाजात वाढ लवकर व्हावी या घाईपोटी गर्भनिरोधक गोळ्या मनानेच, मोठ्या मात्रेत घेण्याचा प्रघात आहे. त्याने रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात, आणि याविषयी कळकळीने बोलणारे डॉक्टर फार कमी आहेत. सिलिकॉन इम्प्लांट १९६२ मध्ये अमेरिकेतील ह्यूस्टन येथे प्रथम बसवले गेले. पारलिंगी स्त्रीची छाती रुंद, स्तनाग्रे लहान व दूरदूर आणि खालची त्वचा ताठ असते. मोठे इम्प्लांट घातले तरी मधली फट राहते, याची कल्पना आधी द्यायला हवी. इम्प्लांट जन्मभर टिकत नाही. खडबडीत आवरणाच्या काही इम्प्लांटांचा एका दुर्मिळ कर्करोगाशी (लिंफोमा) संबंध आढळल्याने अ‍ॅलर्गन कंपनीने ती जुलै २०१९ मध्ये जगभरातून परत घेतली.

पात्रता : वर्ल्ड प्रोफेशनल असोसिएशन फॉर ट्रान्सजेंडर हेल्थ या संस्थेच्या आठव्या आवृत्तीतील (२०२२) निकषांनुसार प्रौढांना एका तज्ज्ञाचे पत्र पुरते. छाती सपाट करण्यासाठी आधी संप्रेरके घेण्याची अट नाही. स्तनवर्धनापूर्वी ती किमान सहा महिने घ्यावीत असे सुचवले आहे. येथे एक विसंगती नोंदवली पाहिजे. जन्मतः पुरुष असलेल्यांची वाढलेली छाती याच छेदांनी, याच टाक्यांनी मुंबई-पुण्यात नित्य कमी केली जाते आणि त्यांच्याकडे मनोविकारतज्ज्ञाचे पत्र कोणी मागत नाही.

१८ वर्षांखालील व्यक्तींविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत.

भारतातील स्थिती : नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी लिंगभावाची ओळख शस्त्रक्रियेवर अवलंबून नाही, असा निकाल दिला. २०१९ च्या पारलिंगी व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) अधिनियमाच्या कलम १५ नुसार शासनाने अशा शस्त्रक्रियांची वैद्यकीय सोय उपलब्ध करावी आणि विम्यातून खर्च भागवण्याची तरतूद करावी, असे ठरले. त्याच वर्षी विमा नियामक प्राधिकरणाने मात्र लिंगबदलाचे उपचार विम्यातून वगळण्याची मुभा देणारे प्रमाणित कलम कंपन्यांना दिले. ऑगस्ट २०२२ मध्ये आयुष्मान भारत योजनेखाली पारलिंगी व्यक्तींना वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण देण्याचा करार झाला. तमिळनाडूने सरकारी रुग्णालयात मोफत शस्त्रक्रिया फार आधी सुरू केल्या. महाराष्ट्रात २०१८ साली बीड जिल्ह्यातील एका पोलीस कर्मचाऱ्याची मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयातील शस्त्रक्रिया खूप गाजली, पण ती छातीची नव्हती.

परिणाम : मिशिगन विद्यापीठाच्या २०२३ मधील पाहणीत छाती सपाट करून घेतलेल्या १३९ व्यक्तींनी उत्तरे दिली. समाधानाचा मध्यक ५ पैकी ५ आणि पश्चात्तापाचा शून्य निघाला. पाहणीसाठी पात्र असलेल्यांपैकी सुमारे ५९ टक्क्यांनीच उत्तर दिले होते, हेही ध्यानात ठेवावे. तरीही प्लास्टिक सर्जरीच्या इतर शाखांत असा निकाल क्वचितच दिसतो.

सपाट छातीतही थोडी स्तनऊती उरतेच. नेदरलँड्समधील २०१९ च्या अभ्यासात १,२२९ पारलिंगी पुरुषांपैकी ४ जणांना, तर २,२६० पारलिंगी स्त्रियांपैकी १५ जणींना स्तनाचा कर्करोग झाल्याचे आढळले. घरात स्तनाच्या किंवा अंडाशयाच्या कर्करोगाचा इतिहास असल्यास तो शस्त्रक्रियेपूर्वी सांगावा, काढलेली ऊती तपासणीला पाठवली का ते विचारावे, आणि पॅथॉलॉजीचा अहवाल, शस्त्रक्रियेचे टिपण व इम्प्लांटचे कार्ड डॉक्टर बदलले तरी स्वतःजवळ जपून ठेवावे.