आडनाव जुळत नव्हतं

मिलवॉकीत मी ज्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो, त्याची मालकीण ब्याऐंशी वर्षांची आहे. माहेरचं आडनाव कूक. गेल्या हिवाळ्यात तिचं वायफाय बघायला खाली गेलो आणि एक जुनी फाइल घेऊन वर आलो. "तू कंप्युटरवाला ना? मग माझा पणजोबा शोधून दे," ती म्हणाली.

फाइलमध्ये तिच्या वडिलांच्या अक्षरात तीन वाक्यं होती. पणजोबा जर्मनीतल्या बड्या जमीनदाराचा मुलगा. कैसरच्या सैन्यात जायचं नव्हतं म्हणून पळून आला. एलिस बेटावरच्या अधिकाऱ्याला 'कोख' हे आडनाव लिहिता येईना, म्हणून त्याने 'कूक' लिहिलं.

मला वाटलं, शनिवार-रविवारचं काम. चार महिने लागले.

पहिली दोन तासांतच गोष्ट ढासळायला लागली. १९००च्या अमेरिकन जनगणनेत प्रत्येक परदेशी माणसाला देशात आल्याचं वर्ष विचारलं होतं. पणजोबाने सांगितलं होतं १८५७. एलिस बेटावरचं केंद्र सुरू झालं १८९२ साली. त्याआधी न्यूयॉर्कला येणारे लोक १८५५पासून कॅसल गार्डनमध्ये उतरत. आणि जर्मनीला कैसर मिळाला १८७१मध्ये. म्हणजे तेव्हा पळून जायला कैसरच नव्हता!

आडनावाचंही तसंच. अधिकाऱ्याने नाव बदललं ही गोष्ट अमेरिकेत घराघरांत सांगतात, पण अधिकारी नावं लिहीतच नसत. जहाज सुटतानाच कंपनीने तयार केलेली यादी त्यांच्यापुढे असे, तिच्याशी ते माणसं पडताळून बघत. १८७० आणि १८८०च्या जनगणनेत हे कुटुंब 'कोख'च आहे. १९००मध्ये 'कूक' झालं. जर्मनमध्ये कोख म्हणजे स्वयंपाकी, इंग्रजीत कूक म्हणजेही तेच. कुणी लादलं नाही, त्यांनीच भाषांतर करून टाकलं.

इथे माझ्या धंद्यातली एक गंमत सांगतो. सारख्या उच्चाराची नावं एकत्र सापडावीत म्हणून 'साउंडेक्स' नावाची पद्धत आहे. तिचं पहिलं पेटंट १९१८चं. नावाचं पहिलं अक्षर आणि पुढे तीन आकडे, एवढाच कोड. श्रोडर आणि श्रेडर यांचा कोड एकच येतो. पण कोख सुरू होतं 'के'ने आणि कूक 'सी'ने. पुढचे आकडे तेच, पहिलं अक्षर वेगळं, म्हणून यंत्राच्या लेखी ही दोन वेगळी माणसं. आजीच्या आधीच्या शोधांत पणजोबा १९००च्या मागे गायब व्हायचा, तो यामुळे.

आता गाव हवं होतं. जर्मनीत शोध घ्यायचा तर नुसतं 'जर्मनी' काही कामाचं नाही. नोंदी गावोगावच्या चर्चमध्ये आहेत. सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी सगळ्या जर्मनीत लागू झाली ती १८७६पासून. १८७०च्या जनगणनेत जन्मस्थान म्हणून मेक्लेनबुर्ग लिहिलं होतं, म्हणजे उत्तरेकडचा बाल्टिक समुद्रालगतचा प्रदेश. गावाचं नाव मिळालं मिलवॉकीतल्याच एका जर्मन ल्युथरन चर्चच्या दफनवहीत. तिथले पाद्री जर्मन होते आणि मृताचं मूळ गाव नेमाने लिहीत.

ही वही 'कुरेंट' लिपीत होती. आपल्याकडे मोडीचं जसं झालं, तसंच तिचं. आजोबांना यायची, नातवाला एक ओळ लागत नाही. तिच्यातली 'ई' आणि 'एन' ही अक्षरं जवळजवळ सारखी दिसतात. गावाचं नाव लागायला मला दोन आठवडे लागले.

ब्रेमेनहून निघालेल्यांच्या जुन्या याद्या जवळपास सगळ्या गेल्या. जागा नाही म्हणून १८७५पासून जुन्या याद्या नष्ट करत गेले, उरलेल्या बऱ्याचशा महायुद्धात गेल्या. हॅम्बुर्गच्या मात्र १८५०पासूनच्या टिकल्या आहेत, आणि त्यांत प्रवाशाचं गाव लिहिलेलं असतं. मेक्लेनबुर्गच्या लोकांना हॅम्बुर्गच जवळचं. मी छोटा प्रोग्रॅम लिहिला: वर्ष १८५७, कुटुंबप्रमुखाचं आडनाव कोख, शक्य ती सगळी स्पेलिंगं. उत्तर शून्य.

तीन आठवडे मी स्पेलिंगं वाढवत बसलो. चूक स्पेलिंगची नव्हती. बाप आणि मुलगा यांचं आडनाव एकच असणार, हे मी धरूनच चाललो होतो. माझ्या स्वतःच्या नावात मधोमध बापाचं नाव आहे. शाळेच्या दाखल्यापासून पासपोर्टपर्यंत बापाशिवाय माझं नाव पुरं होत नाही. ती सवय मी नकळत कोडमध्ये घातली होती.

आडनावाची अट काढली आणि फक्त गावाने शोधलं. एकच गट आला. एक मजूर, वय ४७. त्याच्याखाली कोख आडनावाची बाई, वय ४५. मग तीन मुलं, तिघंही कोख. सगळ्यात मोठा २२ वर्षांचा. तोच पणजोबा.

मग गावच्या चर्चचे स्कॅन उघडले. बाप्तिस्म्याच्या तीन नोंदी: १८३४, १८४०, १८४६. तिन्ही मुलं अनौरस. आई तीच, आणि बाप म्हणून तिन्ही वेळा त्याच मजुराचं नाव.

बारा वर्षांत तीन मुलं झाली, तरी लग्न का नाही? उत्तर मेक्लेनबुर्गच्या कायद्यात आहे. तिथली वेठबिगारी १८२०मध्ये रद्द झाली. माणसं मोकळी झाली, पण जमीन जमीनदारांकडेच राहिली. लग्न करायचं तर त्या जागी वस्तीचा हक्क हवा, आणि तो देणं जमीनदाराच्या हाती. हक्क दिला की ते कुटुंब गरिबीत पडल्यावर पोसण्याची जबाबदारीही त्याच्यावर. मग तो कशाला देईल? त्याला मजूर हवे होते, त्यांचे संसार नको होते. त्यामुळे माणसं वर्षानुवर्षं लग्नाविना राहत, मुलं अनौरस ठरत, आणि जमेल तो जहाज पकडे. लोकसंख्येच्या मानाने मेक्लेनबुर्गमधून फार मोठं स्थलांतर झालं. लग्नावरची ही बंधनं उठली १८६८ साली. यांचं जहाज त्याच्या अकरा वर्षं आधीच निघून गेलं होतं.

शेवटचा कागद पुन्हा मिलवॉकीच्याच चर्चमध्ये होता, आजीच्या घरापासून वीस मिनिटांवर. १८५७च्या ऑगस्टमधला विवाह. वर ४७ वर्षांचा, वधू ४५ वर्षांची. साक्षीदारांमध्ये त्यांचा थोरला मुलगा.

हे आजीला कसं सांगायचं, याची मला धास्ती होती. दर रविवारी चर्चला जाणारी बाई. तिने मागितला होता जमीनदाराचा मुलगा. मी देणार होतो अनौरस मजुराचं पोर. दोन दिवस फाइल वरच ठेवली. 'नोंदी जळाल्या' असं सांगून मोकळं व्हावं, असंही मनात आलं. पण या माणसांची गोष्ट एकदा कुणीतरी लाजेपायी बदललीच होती. ते काम मी दुसऱ्यांदा कशाला करू?

खाली जाऊन सगळं क्रमाने सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग विवाहाची नोंद पुन्हा काढायला लावली आणि साक्षीदाराच्या नावावर बोट ठेवलं.

"हा तिथे उभा होता?"

"हो."

"म्हणजे जमीनदार गोष्टीत होता खरा," ती म्हणाली. "आम्ही त्याला चुकीच्या जागी बसवला."

वडिलांची तीन वाक्यं तिने खोडली नाहीत. त्यांच्याखाली त्या दोघांची नावं लिहिली, दोन्ही आडनावं वेगवेगळी, आणि पुढे लग्नाची तारीख. तारखेचा आकडा नीट आलाय ना, हे तिने मला दोनदा तपासायला लावलं.