सोबतचे मागे फिरले तेव्हा : पंडिता रमाबाईंची चिकाटी

गावात एखादे चांगले काम सुरू होते, तेव्हा सगळ्याच उत्साहात असतात. कसोटी लागते ती पुढे. लोक नावे ठेवू लागतात, पैसा अपुरा पडतो, पहिल्या दिवशी सोबत असलेल्या हळूहळू मागे फिरतात. अशा वेळी काम धरून कसे ठेवायचे? आज आम्ही त्यासाठी पंडिता रमाबाईंची गोष्ट घेऊन आलो आहोत.

रमाबाईंचा जन्म 1858 चा. मुलींच्या हाती पुस्तक दिसणेही लोकांना खपत नव्हते, त्या काळात त्या आईकडून संस्कृत शिकल्या. दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली. भावासोबत पायी देश पालथा घालत त्या कलकत्त्याला पोचल्या. तिथल्या विद्वानांनी 1878 मध्ये त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. पुढे भाऊ वारला. लग्न झाले, मुलगी मनोरमा झाली आणि 1882 मध्ये पतीही गेले. चोविसाव्या वर्षी वैधव्य आणि कडेवर लहान लेक.

1883 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. डॉक्टर व्हायचे मनात होते, पण कानाने कमी ऐकू येत असल्याने ते राहून गेले. तिथेच त्यांनी विचारपूर्वक ख्रिस्ती धर्म स्वीकारला. मग अमेरिकेत विधवांच्या हालअपेष्टांविषयी पुस्तक लिहिले, गावोगाव भाषणे दिली. तिथल्या लोकांनी दहा वर्षे मदत देण्याचे कबूल केले. त्या बळावर 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन उघडले, आणि दुसऱ्या वर्षी ते पुण्याला आले. धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुढे ज्यांचा पुनर्विवाह झाला, त्या गोदूबाई इथल्याच विद्यार्थिनी.

सदनात ख्रिस्ती धर्म शिकवायचा नाही, असे ठरले होते. रमाबाई आपली प्रार्थना मात्र आपल्या खोलीत करत. दार बंद करून घ्यायला त्या तयार नव्हत्या, आणि काही मुली आपणहून येऊन बसू लागल्या. यावरून पुण्यात वादळ उठले. ‘केसरी’ने कडक टीका केली. विश्वासाने लेकी पाठवणाऱ्या पालकांना धास्ती वाटली, तीही आपण समजून घ्यायला हवी. 1893 मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. बऱ्याच मुलींना घरच्यांनी काढून नेले.

मैत्रिणींनो, रमाबाईंपुढे दोन सोप्या वाटा होत्या. श्रद्धा लपवायची, नाहीतर काम गुंडाळायचे. त्यांनी दोन्ही नाकारल्या. उरलेल्या मुलींचे वर्ग चालू राहिले. परदेशची मदत एक दिवस थांबणार हे ओळखून त्यांनी केडगावला जमीन घेतली. शेती आणि फळबागेच्या उत्पन्नावर सदन चालावे, हा हिशेब होता.

तीच जमीन पुढे कामी आली. 1896 मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. स्वतः उपासमार सोसलेल्या रमाबाईंना घरी बसवेना. त्या तिकडे गेल्या आणि निराधार मुली, विधवांना घेऊन आल्या. तेवढ्यात पुण्यात प्लेगची साथ आली. शहरात इतक्यांना ठेवता येईना, म्हणून मुक्काम केडगावच्या माळावर हलला. मुक्ती सदन उभे राहिले ते असे. 1900 च्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आल्या.

इथे ख्रिस्ती शिकवण उघडपणे दिली जाई. पण दिवस नुसत्या प्रार्थनेत जात नसे. मुली शेती करत, विणकाम शिकत, छापखान्यात खिळे जुळवत. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन होते. अंध मुलींनाही वाचायला शिकवले जाई. श्रद्धा म्हणजे काय, हे बायकांना ताटातल्या भाकरीत आणि हातातल्या कामात दिसत होते.

दुसरीकडे रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या मराठीत बायबल उतरवत होत्या. हे काम कितीतरी वर्षे चालले. 1921 मध्ये सोबतीने काम करणारी मनोरमा वारली. आईने तरीही भाषांतर हातचे सोडले नाही. 5 एप्रिल 1922 रोजी त्यांचे निधन झाले. दौंड तालुक्यातल्या केडगावात मुक्ती मिशन आजही चालू आहे.

रमाबाईंचा धर्म आपला असो वा नसो, त्यांची एक रीत आपल्या गटांना उपयोगी आहे. कोण सोडून गेले याचा हिशेब त्या मांडत बसल्या नाहीत. अजून कोण दाराशी आहे आणि तिच्या उद्याच्या जेवणाची सोय काय, हे त्या पाहत राहिल्या. तुमच्या गटाचे एखादे काम अर्ध्यावर थांबले असेल, तर पुढच्या बैठकीत त्याचे नाव काढा. उरलेल्या दोघी-तिघींनी त्यातले काय पुन्हा सुरू करता येईल, ते आधी ठरवा.