उत्तरवयातील शेती : निअरिंग दांपत्याचा प्रयोग

सेवानिवृत्तीनंतर गावी जाऊन थोडी शेती करावी, अशी इच्छा आपल्या ज्ञातीतील अनेक नोकरदार बंधुभगिनी बोलून दाखवितात. वानप्रस्थाश्रमाची कल्पना ज्या समाजात रुजली, त्या समाजात ही इच्छा नवी नव्हे. तथापि ती तडीस कशी जाते, हे पूर्णत्वास गेलेल्या एखाद्या उदाहरणावरून पाहणे अधिक हिताचे होय. अमेरिकेतील स्कॉट निअरिंग व त्यांच्या सहधर्मचारिणी हेलन यांचा वृत्तांत त्या दृष्टीने मननीय आहे.

स्कॉट यांचा जन्म १८८३ चा. ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. १९१५ साली पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाने त्यांना सेवेतून दूर केले. बालमजुरीविरुद्धची त्यांची परखड मते यास कारण झाली, असे सामान्यतः मानले जाते. पुढे महामंदीच्या काळात, १९३२ मध्ये, हे उभयता न्यूयॉर्क सोडून व्हरमाँटच्या डोंगराळ मुलखात गेले. जमीन हलकी व दगडाळ होती. त्यांनी तेच दगड वेचून, लाकडी साच्यात रचून, स्वहस्ते घरे बांधली. पालापाचोळा कुजवून खत केले. दोघेही शाकाहारी, त्यांनी जनावरे पाळली नाहीत व शेणखतही वापरले नाही. रोख पैशासाठी मेपल वृक्षाचा रस आटवून पाक व साखर करीत. सुमारे ४० भाग रसापासून १ भाग पाक मिळतो, यावरून त्या श्रमाची कल्पना यावी.

२० वर्षांनी त्या भागात पर्यटकांची वर्दळ वाढू लागली, तेव्हा १९५२ मध्ये त्यांनी मेन राज्याच्या सागरतीरी नवा संसार मांडला. स्कॉट यांचे वय तेव्हा सत्तरीला टेकले होते. ज्या वयात इतर लोक कामे आवरती घेतात, त्या वयात त्यांनी पुन्हा पहिल्यापासून माती घडविली. येथे ब्लूबेरी हे फळ त्यांचे नगदी पीक झाले.

या यशाचे मर्म परिमितपणात आहे. दिवसाचे चार तास अन्नवस्त्रनिवाऱ्यासाठी श्रम, चार तास वाचनलेखनादी स्वतःचा व्यासंग व चार तास समाजासाठी, अशी त्यांची विभागणी होती. वर्षाच्या रोख गरजेपुरते उत्पन्न हाती आले की ते विक्रीसाठी अधिक पिकवीत नसत. १९६८ मध्ये त्यांनी आपल्या जमिनीपैकी ६० एकर एलियट कोलमन या तरुण शेतकऱ्याच्या कुटुंबास, स्वतः दिलेल्याच दराने, विकली. १९५४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अनुभवग्रंथाची १९७० मध्ये नवी आवृत्ती निघाली आणि सहस्रावधी तरुण त्यांच्या दारी आले. १९८३ मध्ये, वयाची १०० वर्षे पूर्ण करून, स्कॉट निवर्तले. हेलन १९९५ पर्यंत हयात होत्या.

चित्राची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. वारशाने आलेले धन आणि व्याख्याने व लेखन यांचे उत्पन्न यांचा आधार त्यांना होता, हे पुढील काळातील लेखनातून पुढे आले आहे. केवळ भाजीपाल्यावर त्यांचा निर्वाह झाला असे समजणे भ्रामक ठरेल. परंतु यामुळे त्यांच्या श्रमांचे मोल उणावत नाही. उलट निवृत्तिवेतन गाठीशी असलेल्या माणसाने काय साधावे, हेच त्यातून स्पष्ट होते. वेतनावर चरितार्थ चालावा, शेतीने अन्न, आरोग्य व उद्योग द्यावा. वेतन मात्र शेतीच्या तोट्यात बुडू नये.

आपल्याकडील इतिहासही हेच बजावतो. १९४८ चा कुळकायदा व १ एप्रिल १९५७ चा कृषकदिन यांनी, जो कसतो त्याची जमीन, हे तत्त्व प्रस्थापित केले. शहरात राहून खंड खाणाऱ्या अनेक घराण्यांच्या जमिनी तेव्हा कुळांकडे गेल्या, आणि ते न्याय्यच झाले. आजही महाराष्ट्रात बिगरशेतकऱ्यास शेतजमीन परवानगीवाचून सहसा विकत घेता येत नाही. म्हणून ज्यांची वडिलार्जित चार गुंठे तरी शिल्लक आहेत, त्यांनी ती पडीक ठेवू नयेत. निवृत्तीची वाट न पाहता आजच बांधावर झाडे लावावीत, कारण आंबा व नारळ माणसाच्या सोयीने वाढत नाहीत. भूमी धन्याचे नाव पाहत नाही, हात पाहते.