निवासी डॉक्टर आणि जागरणाची परंपरा

'निवासी डॉक्टर' हा शब्द आपल्या घरांत चांगलाच रुळला आहे. त्यातील 'निवास' कोठून आला, याचा विचार मात्र सहसा होत नाही. अमेरिकेतील बाल्टिमोर येथे १८८९ साली जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय सुरू झाले. तेथे शल्यविशारद विल्यम हॉल्स्टेड यांनी शिक्षणाची जी पद्धत घालून दिली, तीत तरुण डॉक्टराने रुग्णालयातच राहावे आणि अहोरात्र रुग्णांच्या हाकेस ओ द्यावी, अशी अपेक्षा होती. स्वतः हॉल्स्टेड कोकेनच्या व पुढे मॉर्फिनच्या आहारी गेलेले होते, हेही इतिहासात नमूद आहे. पद्धत देशोदेशी पसरली आणि जागरण हे निष्ठेचे लक्षण मानले जाऊ लागले.

या समजुतीस मोठा धक्का बसला तो १९८४ मध्ये. न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात ताप आल्यामुळे दाखल झालेली लिबी झायन ही १८ वर्षांची मुलगी काही तासांतच दगावली. तिच्यावर उपचार करणारे शिकाऊ डॉक्टर दीर्घ पाळीवर होते आणि त्यांच्याकडे इतरही अनेक रुग्ण होते. मृत्यूच्या कारणाविषयी पुढे न्यायालयात बराच वाद झाला; तथापि पत्रकार असलेल्या तिच्या वडिलांनी कामाच्या तासांचा प्रश्न लावून धरला. परिणामी १९८९ मध्ये न्यूयॉर्क राज्याने आठवड्यास ८० आणि सलग २४ तासांची मर्यादा घातली. २००३ पासून ८० तासांचा नियम अमेरिकेत सर्वत्र लागू झाला.

१९९७ मध्ये डॉसन व रीड या संशोधकांनी दाखविले, की २४ तास जागलेल्या माणसाचे हात-डोळ्यांचे कौशल्य रक्तात ०.१० टक्के मद्य असलेल्या माणसाइतके खालावते. मद्यपी वाहनचालकास आपण दंड करतो. अपघात विभागात तशाच अवस्थेतील हाताकडून मात्र अचूक औषधयोजनेची अपेक्षा धरतो.

आपल्याकडे केंद्र शासनाने जून १९९२ मध्येच निवासी डॉक्टरांसाठी सामान्यतः दिवसास १२ आणि आठवड्यास ४८ तासांची मर्यादा सांगितली होती. शासकीय सेवेत हयात घालविलेल्या आम्हांस परिपत्रक व अंमलबजावणी यांतील अंतर अपरिचित नाही. परंतु येथे ते अंतर फारच मोठे आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्यात, दीर्घ पाळीत सभाकक्षात विसावलेल्या एका तरुण डॉक्टरचा बलात्कार करून खून झाला. त्या प्रकरणाच्या सुनावणीत ३६ तासांची पाळी अमानुष असल्याचे सर्वोच्च न्यायालयास म्हणावे लागले. त्या परिपत्रकास तोवर ३२ वर्षे उलटून गेली होती.

चरकसंहितेने आहार व ब्रह्मचर्य यांच्या जोडीला निद्रेसही शरीराचा उपस्तंभ मानले आहे. हे शास्त्र रुग्णास लागू आणि वैद्यास माफ, असे असू शकत नाही. आपल्या अनेक कुटुंबांतील मुले-नातवंडे आज या व्यवसायात आहेत आणि आपल्यापैकी काहीजण रुग्णालयांच्या विश्वस्त मंडळांवरही आहेत. त्यांनी पुढील बैठकीत जमाखर्चाबरोबर रात्रपाळीचा हजेरीपट आणि डॉक्टरांची विश्रांतीची खोली, या दोहोंची पाहणी अवश्य करावी, अशी आमची विनंती आहे.