पावाची पदवी

1965 साली अमेरिकेतील ब्रिजपोर्ट शहरी निघालेल्या आणि 2001 साली हिंदुस्थानात अवतरलेल्या ‘सबवे’ नामक साखळी-दुकानाच्या लांबट, भाज्यांनी भरलेल्या पावास ‘गॉरमे’ ही रसिकमान्य उंची अन्नाची पदवी द्यावी की नाही, हा वाद शिरोळसारख्या उसाच्या आणि दूधदुभत्याच्या तालुक्यात उपस्थित करणे कित्येकांस विक्षिप्त वाटेल; परंतु अन्नाची प्रतवारी कोणी करावयाची आणि कोणत्या प्रमाणावर, ह्या प्रश्नाचा निवाडा आमच्या ह्याच मुलखात शतकानुशतके निरनिराळ्या कचेऱ्यांत होत आला असल्यामुळे, त्या दप्तरावर एकवार नजर टाकणे अगदीच अप्रस्तुत ठरू नये.

शिरोळ तालुक्यातील खिद्रापूरचे कोपेश्वर मंदिर ज्या बाराव्या शतकात आकार घेत होते, त्याच शतकाच्या पूर्वार्धात कल्याणीचा चालुक्य नृपती तिसरा सोमेश्वर ‘मानसोल्लास’ सिद्ध करीत होता, आणि त्यातील अन्नभोगाच्या प्रकरणात मांड्यांपासून मांसाच्या नानाविध प्रकारांपर्यंत राजाच्या ताटाचा तपशील त्याने राज्यकारभाराच्या इतर विषयांइतक्याच गांभीर्याने नोंदविला आहे. तेथे उंची अन्न ते, जे राजा भोगतो. निवाडा सोपा होता.

पुढे कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर, नृसिंह सरस्वतींच्या वास्तव्याने पुनीत झालेल्या नरसोबाच्या वाडीस, ह्या निवाड्याचे अधिकारी बदलले. वाडीचे पेढे, बासुंदी आणि कवठाची बर्फी ह्यांची कीर्ती कोणत्या दरबाराने सनद देऊन वाढविली नाही. ती वाढविली पादुकांचे दर्शन घेऊन परतणाऱ्या यात्रेकरूने, जो एकदा फसला तर पुढल्या पौर्णिमेस दुसऱ्या दुकानाच्या पायरीवर चढणार, आणि गावी जाऊन चार घरी तसे सांगणार. दुधाचे आणि तुपातले पदार्थ परक्या हातचे घेण्यास सोवळ्याचा अडसर इतर अन्नाच्या मानाने सौम्य होता, म्हणून क्षेत्राच्या ठिकाणी पेढाच का फोफावला आणि भाकरी का नाही, ह्याचा उलगडा चवीइतकाच आचारधर्मातही शोधावा लागतो.

आणि येथेच पावाची कथा सुरू होते. पोर्तुगीजांबरोबर गोमंतकात आलेला हा जिन्नस मराठी मुलखात दीर्घकाळ केवळ हलकाच नव्हे, तर बाटविणारा मानला गेला. 1849 च्या सुमारास मुंबईत निघालेल्या परमहंस सभेने जातिभेद मोडण्याची कसोटी म्हणून सभासदास ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खावयास लावला, ह्यावरून त्या तुकड्याची दहशत किती होती ते ध्यानात येईल. आणि पुढे चाळीस वर्षांनीही, 1890 साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये टिळक-रानड्यांसारख्या मंडळींनी चहा-बिस्किटे घेतल्याचा बोभाटा होऊन ग्रामण्य शंकराचार्यांपर्यंत गेले. ज्या कोल्हापूर संस्थानात शिरोळ मोडत असे, तेथे शाहू महाराजांनी गंगाराम कांबळे ह्या अस्पृश्य गृहस्थास चहाचे दुकान काढावयास लावून, लवाजम्यासह तेथे जाऊन स्वतः चहा घेतला. त्या कपातील चहा उत्तम होता की बेताचा, हे कोणी लिहून ठेवले नाही, आणि लिहून ठेवण्याचे कारणही नव्हते. तो चहा उच्च ठरला तो पिणाऱ्याच्या धैर्याने आणि करणाऱ्याच्या हिमतीने. आज कोल्हापुरी मिसळीच्या बशीशेजारी पावाची कापे निमूट येऊन बसतात आणि त्यांचा कोणास विटाळ होत नाही. बाटविणारा पाव तीन-चार पिढ्यांत रोजचा झाला, आणि आता तोच पाव काचेआड, शुभ्र दिव्यांखाली, हातमोजे घातलेल्या मुलाकडून भरून घेतला की उंची म्हणविला जातो. अन्नाची प्रतिष्ठा अशी पाटीबरोबर वरखाली होत असेल, तर तिची खातरजमा जिभेने करण्यावाचून गत्यंतर नाही.

ह्या खातरजमेसाठी मला शिरोळचेच गुऱ्हाळ उपयोगी पडते. चुलवाणावर काहील चढते, चिपाडांचा जाळ रसाखाली सारखा राहतो, भेंडीच्या चिकाने मळी वर येऊन काढली जाते, आणि मग गुळव्या, ज्याच्या हाती कोणतेही यंत्र नसते, उकळत्या पाकाचा थेंब पाण्यात टाकून बोटांनी चाचपतो. त्या एका क्षणात अंदाज चुकला तर काहील बिघडते. साधला तर उतरलेला रवा त्या शेताचा, त्या उसाचा, त्या दिवसाच्या हवेचा आणि त्या बोटांचा असतो, आणि उद्याचा रवा त्याच्याहून जरा निराळा असतो. उलट साखर कारखान्यातून, मग तो आमच्या दत्त सहकारी कारखान्यासारखा शेतकऱ्यांचाच का असेना, बाहेर पडणारे पोते दाण्याच्या प्रतीवर विकले जाते. तेथे निराळेपणा हा गुण नसून तक्रारीचा विषय असतो. साखर वाईट आहे असे कोणी म्हणणार नाही. तिने तालुक्याचे घर भरले आहे. परंतु 2014 साली भौगोलिक मानांकन मिळाले ते कोल्हापुरी गुळास.

साखळी-दुकानाचा पाव हा ह्या अर्थाने साखरेच्या जातीचा आहे. दिल्लीस जे मिळेल तेच पुण्यास मिळावे, आणि परक्या शहरी उतरलेल्या भुकेल्या वाटसरूची निराशा होऊ नये, हे त्याचे वचन. आणि ते वचन प्रामाणिक आहे, कारण वाडीच्या एखाद्या दुकानदाराने घाईगर्दीत आटवण अर्धीच ठेवून विकलेल्या बासुंदीपेक्षा ते अधिक पाळले जाते. पण वचनपालन आणि उंचीपणा ह्या भिन्न गोष्टी होत. ज्या हाताला चुकण्याची मुभाच ठेवलेली नाही, त्याला साधण्याचे श्रेय तरी कसे द्यावे?

गमतीची गोष्ट ही की, ह्या पावाच्या पदवीचा निकाल एका कोर्टाने खरोखरच दिलेला आहे. आयर्लंडमध्ये सबवेच्या एका परवानेधारकाने करमाफीसाठी दावा मांडला असता, तेथील सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली ठरविले की, 1972 च्या करकायद्याप्रमाणे पिठाच्या वजनाच्या शेकडा दोनांहून अधिक साखर असलेला जिन्नस ‘पाव’ ह्या करमुक्त सदरात बसत नाही, आणि सबवेच्या पावात तर साखर शेकडा दहा आहे. उंची राहू द्या, तो कायद्याच्या दृष्टीने पावही ठरला नाही! निकाल कराचा होता, चवीचा नव्हे, हे कबूल. तथापि साखर पिकविणाऱ्या तालुक्याने तो वाचून गालातल्या गालात हसावे, इतका अधिकार त्यास निश्चित आहे.

मात्र हसताना आपल्या पेठेकडे पाठ करून चालणार नाही. ‘अस्सल’, ‘पारंपरिक’, ‘शुद्ध’, ‘ताजे’ अशा शब्दांच्या जाहिरातीतील वापरास 2018 च्या केंद्रीय नियमांनी अटी घातलेल्या असतानाही, वाडीचे नाव लावलेले पेढे वाडी न पाहिलेल्या कढईतून निघून शहरोशहरी विकले जातात, आणि घेणारा पाटी वाचून डबा उचलतो, कण मोडून जिभेवर ठेवीत नाही. पुढल्या पौर्णिमेस दुसऱ्या पायरीवर चढणारा तो जुना यात्रेकरू जोवर गिऱ्हाइकांत शिल्लक आहे, तोवर वाडीच्या दुकानदारास धाक आहे; साखळी-दुकानाला त्याचा धाक नाही, कारण तेथे दुसऱ्या पायरीवरही तोच पाव मिळतो.