साठीच्या सुमारास पुन्हा बास्केटबॉल: काय काळजी घ्याल?

भायखळ्याला लागून असलेले नागपाडा हे मुंबईतील बास्केटबॉलचे जुने माहेरघर. १९७० साली अर्जुन पुरस्कार मिळालेले अब्बास मुंतसिर याच भागातले. तुम्हीही तरुणपणी अशा एखाद्या कोर्टवर खेळला असाल आणि आता निवृत्तीनंतर पुन्हा चेंडू हातात घ्यावासा वाटत असेल, तर केवळ वयामुळे मागे हटण्याचे कारण नाही. मात्र सुरुवात कशी करता, याला फार महत्त्व आहे.

दम आधी येतो, पाय मागाहून

नियमित सराव सुरू केल्यावर काही आठवड्यांतच दम वाढतो. पण स्नायू हाडाला जोडणारे कंडर बळकट व्हायला काही महिने लागतात. वयानुसार त्यांची लवचिकताही कमी झालेली असते. त्यामुळे ‘आता धाप लागत नाही’ म्हणून पूर्ण जोराने उडी मारली, की टाचेमागचा कंडर तुटू शकतो. अशा वेळी मागून कुणीतरी लाथ मारल्यासारखे वाटते आणि चवड्यावर उभे राहता येत नाही. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

आधी तपासणी कोणी करावी?

हृदयविकार, उच्च रक्तदाब, मधुमेह किंवा धूम्रपानाची सवय असेल, अथवा बरीच वर्षे व्यायाम नसेल, तर आधी डॉक्टरांना भेटा. बसल्याजागी काढलेला ईसीजी नॉर्मल असला, तरी श्रमाच्या वेळचा दोष त्यात दिसेलच असे नाही. गरज वाटल्यास डॉक्टर स्ट्रेस टेस्ट सांगतील.

औषधांची यादी सोबत न्या. बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांची नाडी श्रमातही फारशी वाढत नाही, म्हणून नाडीवरून अंदाज चुकतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर धडकेने जास्त रक्तस्राव होऊ शकतो. इन्सुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या काही गोळ्यांमुळे खेळताना साखर एकदम उतरू शकते. खिशात ग्लुकोज ठेवा.

सुरुवात अशी करा

- पहिला महिना: रोज अर्धा तास भरभर चालणे आणि उभ्याने शूटिंग. बोलता यावे पण गाता येऊ नये, इतपतच श्रम. एक दिवसाआड, आधार धरून टाचा उचलणे, खुर्चीवरून हात न टेकता उठणे आणि एका पायावर उभे राहणे.
- दुसरा व तिसरा महिना: आठवड्यातून दोनदा अर्ध्या कोर्टवर दहा मिनिटांचा डाव. उड्या कमी ठेवा. दोन खेळांमध्ये किमान दोन दिवसांचे अंतर ठेवा.
- त्यानंतर: दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा किंवा टाच दुखत नसेल, तरच वेळ वाढवा.

प्रत्येक वेळी आधी दहा मिनिटे वॉर्म-अप करा. सिमेंटचे कोर्ट गुडघ्यांना जास्त हादरे देते. बूट घोट्याला बाजूने आधार देणारे घ्या. पळण्याच्या बुटांचा जाड, मऊ तळवा वळताना पाय मुरगळवू शकतो. मुंबईच्या दमट हवेत घाम लवकर सुकत नाही आणि शरीर तापते. एप्रिल-मे आणि ऑक्टोबरमध्ये सकाळी लवकर खेळा. ओल्या कोर्टवर उतरूच नका.

लगेच थांबा

- छातीत दाब किंवा जळजळ. जबडा, खांदा अथवा हातात कळ
- नेहमीपेक्षा जास्त धाप, चक्कर, अनियमित धडधड
- मुरगळल्यावर चार पावलेही टाकता न येणे (एक्स-रे काढावा लागतो)

छातीची लक्षणे ‘गॅस असेल’ म्हणून अंगावर काढू नका. खाली बसा आणि १०८ वर फोन लावायला सांगा. सोबती बेशुद्ध पडला आणि नीट श्वास घेत नसेल, तर मदत येईपर्यंत छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा जोराने दाबत राहा. एकट्याने न खेळण्याचे हेही एक कारण आहे.